खालचा बोल्ट

नवरात्रात कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला गेलो होतो. परतताना आंबा घाट उतरायला लागलो आणि दुसऱ्याच वळणावर कळलं की गाडीचं काहीतरी बिनसलंय. ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात थरथरायचं आणि गाडी डावीकडे ओढायची. दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाच्या जोरावर हळूहळू खाली आणली. साखरप्याला चहाला थांबलो तेव्हा पुढच्या दोन्ही चाकांजवळ तळहात नेऊन बघितला. डाव्या चाकातून तव्याजवळ हात न्यावा तशी धग येत होती. उजवं जेमतेम कोमट. म्हणजे सगळा भार डावं चाक उचलत होतं आणि उजवा ब्रेक धरतच नव्हता.

गाडी आमची छोटी, 2012 सालची. घर रत्नागिरीत, भाट्याच्या खाडीच्या अंगाला. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने खारा वारा वाहतो. घराच्या खिडक्यांचे गज, गेटच्या बिजागऱ्या, सायकलची चेन, जे जे लोखंडाचं ते सगळं इथे गंजतं. गाडीच्या खालच्या अंगाला तर कोणी बघतही नाही.

मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले. त्यांच्या हाताखाली ऑइल, फिल्टर, प्लग ही कामं मी कॉलेजात असल्यापासून करत आले आहे. ब्रेकचे पॅडही दोनदा बदलले होते. पण पॅड बदलायला कॅलिपर, म्हणजे पॅड दाबणारा चिमटा, नुसता वर उचलला तरी चालतं, त्याला धरणारा मागचा ब्रॅकेट काढावा लागत नाही. डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी आणि पॅड जिला धरतात ती तबकडी, बदलायची तर मात्र तो काढावाच लागतो. तो कधी म्हणजे कधीच उघडला गेला नव्हता. बारा पावसाळे त्याने तसेच काढले होते.

खंडेनवमीला बाबांची पेटी नेहमीप्रमाणे पाटावर आली. पान्यांना हळदकुंकू लागलं, झेंडूची फुलं वाहिली. दसरा झाला आणि एकादशीला सकाळी मी गाडी अंगणात घेतली.

आमचं अंगण चिऱ्यांचं आहे. जांभा वरून टणक वाटतो, पण गाडी पेलणाऱ्या स्टँडच्या बारीक पायाखाली तो भुगा होऊन खचतो. म्हणून फणसाच्या दोन जाड फळ्या खाली घातल्या, त्यावर स्टँड. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावले. काढलेलं चाक गाडीच्या पोटाखाली आडवं सरकवलं, म्हणजे स्टँड घसरलाच तर गाडी त्या चाकावर बसेल. एवढं सगळं होईपर्यंत बाबांनी मला ब्रेकला हात लावू दिला नाही. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालणाऱ्या माणसाशी ते एक शब्द बोलत नसत, हे मी लहानपणापासून बघत आले आहे.

उजव्या चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले होते. टायरच्या दुकानात हवेच्या गनने इतके आवळले होते की पान्याला हातभर पाईप लावावा लागला. चाकही हबला, म्हणजे ते ज्यावर बसतं त्या मधल्या भागाला, गंजाने चिकटलेलं होतं. गाडीखालून, आतल्या बाजूने टायरला लाकडी ठोकळा लावून हातोड्याचे चार ठोके दिले तेव्हा सुटलं.

कॅलिपर बघितला आणि घाटातल्या ओढीचं कारण समोर आलं. आमच्या गाडीसारखा कॅलिपर दोन पिनांवर आतबाहेर सरकतो. पिस्टन एकाच बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्याच दाबाची प्रतिक्रिया म्हणून सगळा कॅलिपर मागे सरकून बाहेरचा पॅड दुसऱ्या बाजूने आणतो. पिना सरकल्याच नाहीत तर बाहेरचा पॅड नुसता बसून राहतो. आमचा आतला पॅड झिजून पत्र्याला आला होता, बाहेरचा निम्म्याहून जास्त शिल्लक. खालच्या पिनेचा रबरी बूट फाटला होता. तिथून पाणी आत जाऊन ग्रीसची जागा गंजाने घेतली होती.

डिस्कची जाडी मोजली. कमीत कमी किती हवी तो आकडा डिस्कवरच कोरलेला असतो, आमच्या डिस्कवर 16 मिमी होता. व्हर्नियर सरळ लावला तर झिजलेल्या भागाबाहेरची उंच कड मध्ये येते आणि माप जास्त दिसतं. म्हणून दोन्ही बाजूंना एकेक रुपयाचं नाणं ठेवून मापलं आणि नाण्यांची जाडी वजा केली. 15.7 आली. मग डिस्क ठेवण्याचा प्रश्नच उरला नाही.

कॅलिपर सोडवून तारेने स्प्रिंगला टांगला. तो ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळू द्यायचा नाही. नळी बाहेरून धड दिसते पण आतून चिरते, आणि ते कळतं ते ऐन वेळी.

आता ब्रॅकेट. त्याला मागच्या बाजूने दोन बोल्ट, 17 मिमीच्या पान्याचे. मी समोर बसून, डिस्कच्या पलीकडे हात घालून रिंग पाना बसवला आणि जोर लावायला लागले. पाच-सात मिनिटं गेली. तळहात लाल झाले. पडवीतून बाबांचा आवाज आला, "बाय, तू सोडत्येस का आवळत्येस?"

मी थांबले. बोल्टाचं डोकं इंजिनाकडे तोंड करून होतं आणि मी त्याच्या शेपटाकडून बघत होते. डोक्याकडून बघणाऱ्याला जे डावीकडे फिरणं, ते शेपटाकडून बघणाऱ्याला उजवीकडे. रोज वर्गात कोनीय संवेगाची दिशा शिकवते, उजव्या हाताची मूठ वळवून अंगठा दाखवते, आणि इथे तो अंगठा मला आठवला नाही. आधीच अडकलेला बोल्ट मी माझ्या सगळ्या ताकदीने आणखी आवळला होता. चूक कळल्यावर स्टिअरिंग पूर्ण वळवून बोल्टाची डोकी समोर घेतली आणि खडूने ब्रॅकेटवर बाण काढला. तेव्हापासून कुठलाही उलट्या तोंडाचा बोल्ट असला की मी आधी बाण काढते.

बाबांनी त्यावरून जुन्या गाड्यांचं सांगितलं. पूर्वीच्या काही ट्रक-बसना डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांना उलटे आटे असत, चाक फिरताना नट आपोआप सुटू नयेत म्हणून. नवीन आलेला पोरगा डाव्या चाकावर चढून उड्या मारायचा आणि नट सुटायच्या ऐवजी स्टड तुटायचा. त्यामुळे कुठल्याही नटाला हात लावण्याआधी बाबांचा पहिला प्रश्न एकच असायचा, "आटे कुठले?"

वरचा बोल्ट लांब दांड्याचा बार लावून दाबल्यावर कडाक् आवाज करून सुटला. त्या आवाजाने मी घाबरले, तुटला असंच वाटलं. पण तो गंजाचा आवाज होता. बोल्ट तुटतो तेव्हा आधी बार हाताला मऊ लागतो, ओला दोर ओढावा तसा. जोर वाढत नाही, नुसता कोन वाढत जातो. गंज मोडतो तेव्हा मात्र हाताला काहीच न कळता एकदम फटका बसतो. हा फरक नुसता वाचून कळत नाही. निदान मला तरी तो हातानेच कळला.

खालचा बोल्ट हलला नाही. मी रिंग पान्याला पाईप लावला, पाना तिरका झाला आणि सरकला. बघितलं तर डोक्याचे दोन कोपरे घासून चकचकीत झाले होते.

रिंग पाना बारा पैलूंचा असतो. कुठल्याही कोनात बसतो म्हणून सोयीचा, पण तो बोल्टाला फक्त कोपऱ्यांच्या टोकांवर धरतो. सहा पैलूंची गोटी, म्हणजे डोक्यावर टोपीसारखा बसणारा सॉकेट, बोल्टाच्या सपाट बाजूंवर दाबते. गंजलेल्या बोल्टाचं डोकं आधीच थोडं खाल्लेलं असतं, त्याला बारा पैलूंचा पाना लावणं म्हणजे कोपरे घालवण्याचीच सोय. हे मला माहीत होतं. गोटी पेटीत होती. पाना जवळ होता म्हणून पाना लावला.

पहिल्या दिवशी काम तिथेच थांबवलं. खरं तर हात थांबायला तयार नव्हता. मनात हिशोब मात्र चालू होता. माझं वजन 54 किलो. 60 सेंटिमीटरच्या बारच्या टोकाला पूर्ण वजन टाकलं तर बोल्टावर 318 न्यूटन-मीटरचा पीळ पडतो. कंपनीच्या पुस्तकात त्या बोल्टाला आवळायचा आकडा 85 आहे. 12 मिमी जाडीचा असा बोल्ट तीनशेच्या कितीतरी आधी पिळून तुटतो. म्हणजे तो बोल्ट तोडायला लागणारी ताकद माझ्या एकटीत भरपूर होती. सोडवायला लागतं ते मात्र काही वेगळंच होतं, आणि जोर वाढवत नेणं हा त्याचा रस्ता नव्हता.

अडकलेला बोल्ट दोन ठिकाणी अडकतो. एक डोक्याखाली, जिथे तो ब्रॅकेटच्या तोंडावर बसतो, आणि दुसरं आट्यांमध्ये. लोखंडाचा गंज झाला की त्याला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, आणि आट्यांमध्ये जागा असते केसाएवढी. गंज फुगतो आणि आट्यांच्या दोन्ही भिंतींना आतून रेटून धरतो. म्हणून तेल तिथपर्यंत पोचायला हवं. आणि डोक्याकडून तेल मारून ते पोचत नाही, कारण डोकंच बुचासारखं बसलेलं असतं.

बोल्टाचं शेपूट ब्रॅकेटच्या दुसऱ्या बाजूला तीन-चार आटे बाहेर आलेलं होतं. त्यावर गंजाचा गोळा. मी तारेच्या ब्रशने ते घासून घासून आटे दिसेपर्यंत साफ केले. याला दुहेरी कारण आहे. तेल आत शिरतं ते इथून. शिवाय बोल्ट सुटून बाहेर येताना हेच शेपूट सगळ्या आट्यांमधून ओढलं जाणार असतं. ते गंजलेलं असेल तर अर्ध्या वाटेत पुन्हा अडकतं, आणि तेव्हा बोल्ट तुटला तर तुकडा आत राहतो.

तेल मारलं. डब्ल्यूडी-40 घरात होतंच. 1953 साली अमेरिकेत क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज धरू नये म्हणून पाणी हटवणारं रसायन शोधत होते, चाळिसावा प्रयोग जमला, त्यावरून ते नाव. पाणी हटवणं हे त्याचं मूळ काम. गंजात शिरण्यासाठीच बनवलेली तेलं वेगळी मिळतात, तसलं एक संध्याकाळी बाजारातून आणलं. बाबा म्हणाले डिझेल चालतं, आम्ही आयुष्यभर डिझेलच वापरलं. कुठलं का असेना, त्याला वेळ द्यावा लागतो. संध्याकाळी सहाला मारलं, जेवण झाल्यावर मारलं, झोपताना मारलं. दर वेळी बोल्टाच्या डोक्यावर सरळ, अक्षाच्या दिशेने, हातोडीचे दहा-बारा ठोके. जोरात नाही, दारावर थाप मारावी एवढे. ठोक्याने गंजाला बारीक चिरा जातात आणि तेल चिरांतून पुढे सरकतं.

दुसऱ्या दिवशी गोटीचा प्रश्न होता. कोपरे गेल्यामुळे 17 ची सहा पैलूंची गोटी ढिली बसत होती, 16 ची चढत नव्हती. बाबांनी पेटीचा खालचा कप्पा काढायला सांगितला. तिथे तेलकट फडक्यात गुंडाळलेल्या इंचाच्या मापाच्या गोट्या होत्या. त्यांनी एकेक हातात घेऊन अंगठ्याने पुसली, चश्मा कपाळावर सरकवून आकडा वाचला आणि एक माझ्या हातात दिली. 21/32. मी मनात गुणाकार केला, 16.67 मिमी. सतराला एक तृतीयांश मिलिमीटर कमी. गोटीच्या खाचेत खंडेनवमीची झेंडूची पाकळी चिकटलेली होती, ती बाबांनी काढून खिशात ठेवली.

गोटी बोल्टाच्या डोक्यावर धरून हातोड्याने ठोकून बसवली. गोटी बसते तसा आवाज बदलतो, आधी भद्द आणि मग टण्ण. टण्ण आला की बसली.

बार लावला. यावेळी आधी आवळण्याच्या दिशेने. मुद्दाम, थोडासा झटका. मग सोडण्याच्या दिशेने तेवढाच. पुन्हा आवळायचं, पुन्हा सोडायचं. गंजाची पकड एकाच बाजूने रेटून मोडत नाही, दोन्ही बाजूंनी हलवून मोडते. दहा मिनिटं झाली, काही नाही. मग बाबा म्हणाले, "शेकूया."

गॅसची छोटी बत्ती घरात आहे, जवळजवळ सगळ्या कामांना लागते. पण ब्रेकजवळ ज्योत लावायची तर आधी आजूबाजूला काय काय आहे ते बघावं लागतं. कॅलिपर काढून बाजूला टांगलेला होता, त्याची रबरी नळी मी ओल्या गोणपाटाने झाकली. चाकाच्या सेन्सरची वायर क्लिपमधून काढून मागे घेतली. खालच्या बॉल जॉइंटचा रबरी बूट अगदी जवळ होता, त्यावरही ओलं फडकं. रात्रभर मारलेलं तेल पेटतं, म्हणून ते पुसून काढलं. आणि ब्रेक साफ करायचा स्प्रे तिथे अजिबात मारला नाही. क्लोरीन असलेला तसला स्प्रे तापलेल्या लोखंडावर पडला तर त्यातून फॉस्जिनसारखा विषारी वायू तयार होऊ शकतो. पाण्याची बादली जवळ आणि माझा मुलगा टॉर्च घेऊन चार हात लांब.

ज्योत बोल्टाला द्यायची नाही. बोल्ट ज्यात बसलाय त्या कानाला, म्हणजे भोकाभोवतीच्या धातूला, द्यायची. धातू तापला की त्यातलं भोकही मोठं होतं. हे वर्गात सांगितलं की दर वर्षी निम्म्या मुलांचा विश्वास बसत नाही, त्यांना वाटतं धातू आत फुगून भोक लहान होईल. 12 मिमीचं भोक, पोलाद 200 अंशांनी तापलं, तर भोक साधारण तीन शतांश मिलिमीटरने वाढतं. बोल्ट तोवर थोडा गार असतो. तीन शतांश म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण गंजाचा थर मोडायला तेवढी हालचाल पुरते.

दोनेक मिनिटांनी कानावरचा राहिलेला तेलाचा धूर संपला. बाबा खुर्चीवरून उठून जवळ आले. त्यांच्या हातात देवघरातली मेणबत्ती होती. "आता ज्योत बाजूला घे." त्यांचा हात कापतो हल्ली, त्यामुळे मनगट दुसऱ्या हाताने धरून त्यांनी मेणबत्तीचं टोक बोल्टाच्या शेपटाला टेकवलं. मेण वितळून तापलेल्या आट्यांमध्ये शिरताना मी डोळ्यांनी बघितलं. आधी कडेला चकचकीत थेंब जमला, मग तो थेंब हळूच आत ओढला गेला आणि जागा कोरडी झाली. बाबांनी पुन्हा टेकवलं. पुन्हा आत. चौथ्या वेळेला डोक्याच्या बाजूने, बुचाच्या कडेला, मेणाची बारीक ओली रेघ दिसली. म्हणजे मेण आरपार पोचलं होतं. आख्ख्या रात्रीत तेल जिथे पोचलं नव्हतं तिथे.

गार होऊ दिलं. मी लगेच बार घ्यायला निघाले तर बाबांनी थांबवलं. लाल नसलं तरी तापलेल्या बोल्टाचा जीव मऊ असतो असं ते म्हणाले, शिवाय गार होतानाही आकसून गंज सुटतो. चहा केला. चहानंतर पुन्हा शेकलं, पुन्हा मेण, पुन्हा गार. तिसऱ्या शेकानंतर हात लावण्याइतकं कोमट असताना गोटी ठोकली आणि बार आवळण्याच्या दिशेला दाबला.

हललं. किती, सांगू नये इतकं थोडं. बारच्या टोकाला बोटभर अंतर, म्हणजे बोल्टाचा एखादा अंश. पण तो झटका नव्हता, मऊपणाही नव्हता, ती हालचाल होती. मी उलटं दाबलं, तेवढंच परत आलं. "आई, हललं!" मुलगा ओरडला, टॉर्च त्याच्या हातात होता आणि मेणाची रेघ तुटलेली त्याने बघितली होती.

इथून पुढे घाई केली असती तर तुटला असता. पाव फेरा बाहेर, त्यातला निम्मा परत आत. तेलाचा थेंब. पुन्हा पाव फेरा. परत आत नेलं की आट्यांमधला मोडलेला गंज दळला जातो आणि तेलाबरोबर बाहेर येतो. नुसतं बाहेर ओढत राहिलं तर तोच चुरा पुढे साठून पाचर होते. नाचणीच्या पिठासारखा तपकिरी चिखल शेपटाकडून गळत होता. मध्ये एकदा बार मऊ लागला. तिथे थांबले, आत नेलं, तेल मारलं, पाच मिनिटं सोडून दिलं. पंचेचाळीस मिनिटांनी तो बोल्ट माझ्या हातात पडला. गरम होता, मी सोडला नाही.

आट्यांच्या मधोमध दोन सेंटिमीटर लांबीत गंज पापुद्र्यासारखा चिकटलेला. डोक्याखालचे आटे मात्र जवळपास नवे. कारखान्यात कोरडा बसवलेला बोल्ट, मधल्या पोकळीत पाणी शिरलं आणि बारा वर्षं तिथेच राहिलं.

ब्रॅकेट निघाल्यावर डिस्क सोपी जाईल असं वाटलं होतं. आमच्या डिस्कला हबवर धरणारे दोन चपट्या डोक्याचे, फुलीच्या खाचेचे स्क्रू असतात. एक हातोडीच्या इम्पॅक्ट ड्रायव्हरने सुटला. दुसऱ्याची खाच पहिल्या ठोक्यातच गोल झाली. त्यावर मी वेळ घालवला नाही. मध्यावर पंचने खूण केली, आधी 4 मिमी आणि मग 8 मिमी ड्रिल, डोकं निघून ड्रिलवर चढून आलं. डिस्क काढल्यावर उरलेला दांडा पक्कडीने धरला तर हाताने फिरला, कारण त्याला आवळून धरणारं डोकंच गेलं होतं. हे स्क्रू डिस्कला फक्त चाक बसेपर्यंत जागेवर ठेवतात, ब्रेकचा भार ते घेत नाहीत, तो चाकाच्या नटांचा. म्हणून ड्रिल करताना मन शांत होतं. ब्रॅकेटच्या बोल्टाबाबतीत ड्रिल हा विचारही मी केला नसता.

डिस्क हबला चिकटलेली होती. तिच्या तोंडावर आट्यांची दोन भोकं असतात, 8 मिमीची. त्यात दोन बोल्ट घालून आलटून पालटून पाव-पाव फेरा आवळत गेले आणि अधूनमधून मध्यभागी हातोडा. सहाव्या फेऱ्याला सुटून मांडीवर आली.

पिस्टन मागे ढकलताना खरं तर कॅलिपरचा निपल, म्हणजे तेल बाहेर सोडायचा पोकळ स्क्रू, उघडून जुनं तेल बाहेर जाऊ द्यावं. मी निपलकडे बघितलं. बारीक, आतून पोकळ, गंजलेला. तो तुटला तर कॅलिपरच बदलावा लागणार. त्याला त्या दिवशी हात लावायचा नाही असं ठरवलं. वरच्या टाकीतून सिरिंजने थोडं तेल काढलं आणि जुना पॅड मध्ये घेऊन सी-क्लॅम्पने पिस्टन सावकाश मागे नेला. पण निपल बाहेरून साफ करून, तेल घालून, वर नवी रबरी टोपी लावून ठेवली. पुढच्या वर्षी ब्रेकचं तेल बदलताना तो उघडायचाच आहे.

तिसरा दिवस सगळा परत बसवण्यात गेला आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बोल्ट अडकतो तो सोडायच्या दिवशी नाही. ज्या दिवशी कोणीतरी तो घाणेरड्या भोकात कोरडा फिरवून हवेच्या गनने आवळतो, त्या दिवशी तो अडकलेला असतो. फक्त कळतं बारा वर्षांनी.

ब्रॅकेटचे बोल्ट नवे आणले, डोक्यावर 10.9 ही ताकदीची प्रत कोरलेले, त्याच गाडीचे. हार्डवेअरच्या दुकानात तशाच मापाचा बोल्ट वजनावर मिळतो, पण तो दरवाजाला लावायचा, ब्रेकला नाही. भोकातले आटे साफ करायला टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, नव्हता. बाबांनी वरच्या बाजूचा जुना, चांगल्या आट्यांचा बोल्ट व्हाईसमध्ये धरायला सांगितला आणि त्याच्या आट्यांवर करवतीने लांबीत दोन खाचा पाडून घेतल्या. तो तेल लावून आत-बाहेर फिरवला की खाचांमध्ये गंज साठून बाहेर येतो. चार वेळा पुसला, चौथ्यांदा फडकं स्वच्छ राहिलं. नवा बोल्ट मग बोटांनी शेवटपर्यंत गेला. बोटांनी गेला नाही तर पाना लावायचाच नाही, इतकं मी आता शिकले आहे.

हबचं तोंड तारेच्या ब्रशने उजळ होईपर्यंत घासलं. तिथे गंजाचा पापुद्रा राहिला तर नवी डिस्कही डोलते आणि स्टिअरिंग पुन्हा थरथरतं. पिना नव्या, बूट नवे. आत ब्रेकसाठीचं सिलिकॉनचं ग्रीस. साधं पेट्रोलियमचं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि पीन पुन्हा अडकते. बोल्टांना टॉर्क पान्याने 85. आट्यांना ग्रीस फासलेलं नव्हतं, कारण पुस्तकातला आकडा कोरड्या आट्यांचा आहे. घर्षण कमी झालं की त्याच आकड्याला बोल्ट जास्त ताणला जातो.

डावं चाक दुपारी घेतलं. तिथे सगळं आधीच केलं: शेपूट घासलं, शेकलं, मेण, सहा पैलूंची गोटी, बाण. दोन्ही बोल्ट दीड तासात बाहेर.

गाडी खाली उतरवल्यावर इंजिन चालू करण्याआधी ब्रेकचं पेडल पंधरा वेळा दाबलं. पहिले चार-पाच दाब रिकामे गेले, पेडल थेट खाली. पिस्टन मागे ढकललेला असतो, तो पॅडपर्यंत परत यायला हवा. हे विसरून गाडी हलवली तर पहिल्या ब्रेकला ती थांबत नाही. पेडल टणक लागल्यावर टाकीतलं तेल बघितलं, मग अंगणात पुढे-मागे, मग रस्त्यावर.

बाबा मागच्या सीटवर बसले. भाट्याच्या पुलाकडे मोकळा रस्ता बघून पन्नासच्या वेगावरून दहापर्यंत हळू ब्रेक, पुन्हा पन्नास, पुन्हा दहा. आठ-दहा वेळा. पूर्ण न थांबता, म्हणजे तापलेला पॅड एकाच जागी डिस्कला चिकटून राहत नाही. शेवटच्या वेळी स्टिअरिंगवरची पकड सैल केली, बोटं नुसती टेकवली आणि ब्रेक दाबला. गाडी सरळ थांबली. बोटांना काही जाणवलं नाही.

घरी येताना बाबा बराच वेळ खिडकीबाहेर खाडीकडे बघत होते. गेटपाशी आल्यावर म्हणाले, "मागच्या ड्रमना कधी हात लावत्येस?"

"दिवाळीनंतर," मी म्हटलं.

"मग आजच तेल मारून ठेव."

मी चावी त्यांच्या हातात दिली आणि डबा आणायला आत गेले.